बोट गाडीला जोडण्याआधी

अगं, बोट घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. आता तुझा प्रश्न, घरची रोजची गाडी तिला ओढेल का? ओढेल गं. मला काळजी आहे ती थांबवण्याची, आणि त्याहून जास्त ओल्या रॅम्पवर गाडी तग धरेल की नाही याची. मेलबर्नच्या या पाण्यावर तुझी मामी आणि मी जे शिकलो, ते सांगून ठेवतो.

आधी गाडीचं मॅन्युअल काढ. त्यात ओढायच्या वजनाचे दोन आकडे असतात, ट्रेलरला ब्रेक असेल तर एक आणि नसेल तर दुसरा. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी कायद्याला चालतं. पण लहान हॅचबॅकची स्वतःची मर्यादा त्याच्या बरीच खाली असू शकते, आणि दोन्हींतला कमी तोच आपला आकडा. त्यात नुसती बोट धरू नकोस. ट्रेलर, इंजिन, नांगर, बर्फाची पेटी सगळं धर. २५ लिटर पेट्रोलच जवळपास १९ किलो भरतं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस, सगळं सामान भरून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर घालून आण.

त्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोबॉलवर यायला हवा. कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवलास की कळेल. भार मागे गेला तर फ्रीवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी आपोआप मंदावू द्यायची, आणि थांबून सामान पुढे सरकवायचं.

रिव्हर्सचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये कर. स्टिअरिंग खालच्या बाजूने धर. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची, तिकडे हात न्यायचा. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा चटकन वळून आडवा होतो, म्हणून वळण अगदी थोडं दे आणि बिघडलं तर पुढे येऊन पुन्हा सुरू कर.

रॅम्पवर पोचलीस की लगेच पाण्यात शिरू नकोस, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. तासभर धावलेल्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. गार पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस खराब होतं, आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात चाक जातं. वीसेक मिनिटं थांब. तेवढ्यात बाजूला उभं राहून तळाचं बूच घट्ट बसव, मागचे पट्टे सोड, दिव्यांचा प्लग काढ, नाळेला दोर बांध. विंचचा पट्टा आणि साखळी मात्र पाण्याशी जाईपर्यंत सोडायची नाही.

तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. उतारावर भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळावर जागच्या जागी फिरतात. म्हणून भरतीची वेळ बघून जा. पोर्ट फिलिपच्या उपसागराचं तोंड अरुंद, तिथे पाणी मीटरभरही चढउतार करत नाही. कॅरमच्या पॅटरसन नदीवरचा रॅम्प शिकायला चांगला. पण वेस्टर्न पोर्टकडे, हेस्टिंग्जला, फरक तीन मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला रॅम्पचा हिरवा, बुळबुळीत भाग उघडा पडतो, आणि आपल्यासारख्यांच्या गाड्या तिथेच अडकतात. गाडीची मागची चाकं कोरड्या काँक्रीटवरच राहू देत, पाण्यात ट्रेलर जाऊ दे.

उतारावर थांबताना क्रम पाळ. पायाने ब्रेक दाबून ठेव, गिअर न्यूट्रलला आण, हँडब्रेक पूर्ण ओढ, मग हळूच पाय सोड. गाडी हँडब्रेकवर नीट उभी राहिली की मगच पार्क, आणि चाकांना मागून लाकडी अडसर. चालवणारीखेरीज गाडीत कुणीही बसायचं नाही, पोरं तर मुळीच नाहीत, आणि काचा उघड्या ठेवायच्या. दोर धरायला दुसरं माणूस धक्क्यावर हवंच. ते काम मामी करते, आणि ती हो म्हणेपर्यंत मी विंचला हात लावत नाही. ते हँडल सुटून गरगर फिरलं तर मनगट मोडू शकतं.

लाइफजॅकेट धक्क्यावरच घाल. आपल्या व्हिक्टोरियात ४.८ मीटरपर्यंतच्या इंजिनाच्या बोटीत चालू असताना ते अंगात असणं सक्तीचं आहे.

परतताना बोट वर ओढलीस की रॅम्प मोकळा कर आणि सपाट जागी बूच काढ. आत साठलेलं पाणी म्हणजे गाडीला नाहक ओझं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धू, ट्रेलरची चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक धू. कितीही दमली असलीस तरी त्याच संध्याकाळी, कारण खारं पाणी रात्रीतून लोखंडाला लागतं.