‘औषध? काहीच नाही!’

२०२० च्या टाळेबंदीत बोरीवलीतल्या आमच्या जिन्यात दोनच वास असायचे, सॅनिटायझरचा आणि काढ्याचा. शेजारच्या वहिनी आवारातल्या कडुलिंबावरून गुळवेल तोडून आणायच्या. कडुलिंबावर चढलेली सगळ्यांत गुणकारी, हे आजीपासून ऐकलेलं. वीतभर कांड ठेचायचं, दोन कपांचा एक कप होईस्तोवर उकळायचं आणि नाक दाबून प्यायचं. आजी ताप आला तर चार दिवस द्यायची. मी धडधाकट असताना चार महिने प्यायले.

दिवाळीच्या तोंडावर अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, मग डोळे पिवळे. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, “काकू, औषधं कोणती घेता?” दोन्ही वेळा मी छातीठोकपणे म्हणाले, “काहीच नाही.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “आणि काढा?”

काढा बंद झाला, कावीळ हळूहळू उतरली.

त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे असे ६ रुग्ण नोंदवले होते. प्रतिकारशक्ती चेतवणारी वेल काहींच्या बाबतीत तीच शक्ती यकृतावर उलटवत असावी, असा त्यांचा कयास. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकेल. पुढच्या वर्षी १३ केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. मला मात्र तो आक्षेपच झोंबला. वहिनींची वेल आम्ही तरी कुणा जाणकाराला कुठे दाखवली होती?

तपासणीत आजीचा अपमान नसतो. १९४९ मध्ये मुंबईच्याच डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधा ही जुनी वनौषधी रक्तदाबावर लागू पडते हे रुग्णांवर पडताळून जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातल्या रेसर्पिनने काहींना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या, त्याही तपासातूनच.

म्हणून काढा घेत असाल तर कोणता, किती, कधीपासून, हे कॅलेंडरवर लिहा. यकृताचं जुनं दुखणं किंवा थायरॉइड असेल तर आधी विचारा. डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर काढा त्याच दिवशी थांबवा. आणि उरलेली कांडं फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. मी फेकली होती.

वहिनी अजून काढा घेतात. परवा त्यांच्या औषधांची यादी करून दिली, तेव्हा बीपीच्या गोळीच्याही वर ‘गुळवेल’ लिहिलं.