प्रभूचा दिवस आणि आपली तयारी



इ.स. ५० च्या सुमारास संत पौलाने थेस्सलनीका येथे ख्रिस्तसभेची स्थापना केली. प्रभू लवकरच येणार या विचाराने तेथील काही जण अस्वस्थ झाले. काहींनी तर कामधंदा सोडला व ते इतरांच्या कामांत लुडबुड करू लागले. स्वतः तंबू बनवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांना बजावले, की शांतपणे काम करा व स्वतःच्या कष्टाची भाकर खा (२ थेस्स. ३:६-१२).

जगाच्या अंताचे संदेश आज आपल्या मोबाईलवरही येतात आणि आपण ते पुढे पाठवतो. परंतु तो दिवस केवळ पित्याला ठाऊक आहे, असे प्रभूनेच सांगितले आहे (मार्क १३:३२). शिवाय मरणाच्या क्षणीच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणजे आपला शेवटचा दिवस आजचाही असू शकतो.

तारण ही देवाची कृपा आहे. ते आपण विकत घेऊ शकत नाही. मात्र ते स्वीकारण्यासाठी मन मोकळे हवे. आपण पापनिवेदन सणापर्यंत लांबवतो. आजारी माणूस घाबरेल म्हणून त्याची शुद्ध हरपल्यावर फादरांना बोलावतो. रुग्णाभ्यंग हा गंभीर आजारातील बळाचा संस्कार आहे, केवळ अखेरच्या घटकेचा नव्हे.

बांधावरून अबोला धरलेल्या भावाच्या दारी या आठवड्यात आपण जाऊ या. प्रभू येईल तेव्हा तो आपल्याला समेट झालेल्या घरात भेटो.