उन्हाळ्यात मागे पडणारे क्वार्ट्झ घड्याळ

क्वार्ट्झचे घड्याळ चुकू लागले की दोष लगेच स्फटिकाला दिला जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी एकच प्रश्न विचारा: घड्याळ दिवसाला किती चुकते?

घड्याळातील चिमट्यासारखा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे 2 चा 15 वा घात. ती पंधरा वेळा निम्मी केली की 1 उरतो, तोच आपला सेकंद. प्रदर्शनासाठी घड्याळ बनवताना 4060 ही आयसी घेतली, तर ती चौदा वेळा निम्मे करते. पंधराव्यासाठी 4013 लागते.

हा स्फटिक 25 अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने कंप पावतो. त्याहून गरम वा थंड झाला, तरी तो मंदावतो. तापमानातील फरकाचा वर्ग करून 0.034 ने गुणा. दहा लाखांत तितके भाग घट येते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या भिंतीवर 45 अंश धरले, तर 20 × 20 × 0.034 = 13.6. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे घड्याळ रोज सुमारे 1.2 सेकंद, महिन्याला 35 सेकंद मागे! हा बिघाड नव्हे. घड्याळ थंड भिंतीवर हलवा.

पण रोज मिनिटभर चुकत असेल तर? मिनिट म्हणजे दहा लाखांत जवळजवळ 700 भाग. एवढी चूक उन्हाने होत नाही. तेव्हा दोष मोजणाऱ्या मंडलात शोधा. पंखा सुरू करताच सेकंद पुढे उडी मारत असेल, तर बाहेरचा विद्युत झटका स्पंद म्हणून मोजला जातो आहे. आयसीच्या 16 व 8 क्रमांकाच्या पायांमध्ये, अगदी जवळ, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. 4060 चा बारावा पाय मोकळा सोडला असेल, तर मोजणी मध्येच शून्यावर येते. तो ऋण तारेला जोडलाच पाहिजे.

घड्याळ मुळीच चालत नसेल, तर 10 व 11 या पायांमधला 10 मेगओहमचा रोध जोडला आहे ना, ते पाहा. स्फटिकाच्या पायावर मात्र ऑसिलोस्कोपची तार लावू नका. तिची थोडीशी धारिताही स्फटिकाला जड होते. कंपने मंदावतात, कधी थांबतातही, आणि चांगले मंडल बिघडलेले वाटते! सातव्या पायावर तपासा. तेथे 2,048 हर्ट्झ मिळतात. हजार ओहमचा रोध मध्ये घालून इअरफोन लावलात, तर बारीक शिट्टी चक्क ऐकू येते.

उरलेला सेकंदाचा अंश ट्रिमर कपॅसिटरने जुळवा. धारिता वाढवली की घड्याळ मंदावते. एकदा फिरवल्यावर आठ दिवस त्याला हात लावू नका. रोज ठरावीक वेळी मोबाइलवरील वेळेशी ताडून फरक वहीत लिहा.