'परतणे' : एक धातू, दोन प्रयोग
'तो कात्रपला परतला' हा कर्तरी प्रयोग; 'त्याने भाजी परतली' हा कर्मणी. धातू एकच, गाभ्याचा अर्थ वळण्याचा.

आता पाहा : 'चंद्रकांत पंडित मध्य प्रदेश संघाकडे परतले.' १९९९मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ रणजीचा अंतिम सामना कर्नाटकाकडून हरला होता. २०२२मध्ये त्याच मैदानावर, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, बलाढ्य मुंबईला सहा गडी राखून नमवीत त्याने प्रथमच करंडक जिंकला.

गेला तो कर्णधार, आला तो प्रशिक्षक. क्रियापद मात्र भूमिकेतील हा पालट सांगत नाही. त्यासाठी 'प्रशिक्षक म्हणून' अशी जोड द्यावी लागते. नुसते 'पुनरागमन' (वृत्तपत्रांचा लाडका शब्द!) लिहिल्यास खेळाडूच पुन्हा मैदानात उतरल्याचा भास होतो.