सोमवार, साबुदाणा आणि सीपीटी-१

प्रश्न : श्रावणातले सगळे सोमवार धरतो. दिवसभरात साबुदाण्याची खिचडी नाहीतर भगर, बाकी काही नाही. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरीही चुकवत नाही. तरी काटा जागचा हलत नाही! उपवासात चरबी जळते म्हणतात, ते खोटं का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : खोटं नाही. फक्त साबुदाण्याच्या उपवासाला ते लागू पडत नाही.

चरबी जळते ती पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात. पोटावरच्या साठ्यातून सुटलेली फॅटी ॲसिडं रक्तातून स्नायूंपर्यंत पोचतात. पण लांब साखळीच्या फॅटी ॲसिडला मायटोकॉन्ड्रियात थेट शिरता येत नाही. आधी त्याला कार्निटाइन नावाचा रेणू जोडावा लागतो. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे कार्निटाइन पामिटॉइलट्रान्स्फरेज-१. आपण सीपीटी-१ म्हणू, नाव घेतानाच दम लागायला नको. ॲसिड आत गेलं की त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. पामिटिक ॲसिडच्या १६ कार्बनचे सात फेऱ्यांत आठ तुकडे होतात.

आता खिचडीकडे वळू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी, वर दाण्याचं कूट, बटाटा आणि सढळ हाताचं तूप. खाल्ल्यावर रक्तातली साखर चढते, पाठोपाठ इन्सुलिन. मग पेशीत मॅलोनिल-कोए वाढतो. नवी चरबी बनवण्याचा हा कच्चा माल, आणि तोच सीपीटी-१ला अडवतो. डॅलसच्या डेनिस मॅक्‌गॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांच्या गटाने १९७७ मध्ये हे दाखवून दिलं. एकीकडे चरबी साठवत असताना दुसरीकडे ती जाळायची नाही, असा शरीराचा चोख व्यवहार आहे. भगरीचीही गत फार वेगळी नाही.

फेरीचं मात्र मोल आहे. चालताना स्नायूंतला मॅलोनिल-कोए उतरतो, सीपीटी-१ मोकळं होतं, आणि चढ नसेल तेव्हा चरबी बऱ्यापैकी जळते. पण किती? छोटी फेरी सुमारे २० किलोमीटरची. ६५ किलोच्या माणसाच्या त्यात हजारेक कॅलरी खर्च होतील. त्या सगळ्या चरबीतूनच आल्या असं धरलं, तरी जळालेली चरबी सव्वाशे ग्रॅमच्या आतच. घरी येऊन साबुदाणावड्यांची एक ताटली संपवली की त्यातलंही बरंच भरून निघतं.

कुणी जिममध्ये कार्निटाइनच्या गोळ्या सुचवल्या तर पैसे वाचवा. निरोगी शरीर आपल्यापुरतं कार्निटाइन यकृतात आणि मूत्रपिंडांत स्वतःच बनवतं.

सोमवार श्रद्धेने जरूर धरा. वजन मात्र आठवडाभराच्या खाण्यावर आणि चालण्यावर ठरतं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी फेरीला निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर ठेवा.