वेबसाइटचे नाव आणि दुसऱ्याचा ट्रेडमार्क

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील आपले कापडवाले, रेडिमेडवाले व शिलाईचे कारागीर आता वेबसाइटवर माल दाखवू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. वेबसाइटसाठी एक नाव घ्यावे लागते, त्यास डोमेन नेम म्हणतात. वर्षाचे पैसे भरले की नाव मिळते, आणि गफलत येथेच होते. पैसे भरले, पावती आली, म्हणजे नावावर आपला हक्क झाला असे पुष्कळांस वाटते. मग गिऱ्हाईक लवकर यावे म्हणून कोणी नामांकित सूटिंगचे नाव घेतो आणि त्यास 'ठाणे' किंवा 'कल्याण' जोडून वेबसाइट उघडतो. नाव देणारी कंपनी ते शिल्लक आहे की नाही एवढेच पाहते. ते कोणाचे ट्रेडमार्क आहे याची चौकशी ती करीत नाही. ती जोखीम नाव घेणाऱ्याची असते.

न्यायालये याकडे कसे पाहतात, हे आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या निकालावरून समजून घेऊ. १९९९ साली 'रेडिफ' कंपनीने 'रॅडिफ डॉट कॉम' हे नाव घेणाऱ्यांवर दावा आणला. फरक एका अक्षराचा. प्रतिवादींनी सांगितले की 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' आणि 'फ्री' या शब्दांची अक्षरे जुळवून आम्ही हे नाव तयार केले. न्यायमूर्ती ए. पी. शाह यांना ते पटले नाही. डोमेन नेम हा नुसता पत्ता नव्हे, त्यास ट्रेडमार्काइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे ठरवून त्यांनी मनाई हुकूम दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली हायकोर्टाने 'याहू इंडिया डॉट कॉम' चालवणाऱ्यास मनाई केली होती. तेथे मूळ नावास देशाचे नाव जोडले होते. गावाचे नाव जोडणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. 'अमुक-ठाणे' असे वाचले की ही त्या कंपनीचीच ठाण्यातली शाखा आहे, असेच गिऱ्हाईक समजणार.

सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल ६ मे २००४ चा आहे. सत्यम इन्फोवे ही कंपनी १९९९ पासून 'सिफी' हे नाव वापरीत होती. २००१ पासून दुसऱ्या एका कंपनीने 'सिफ्फीनेट' या नावाने काम सुरू केले. तिचे म्हणणे असे की आमच्या पाच संस्थापकांच्या नावांची पहिली अक्षरे घेऊन हा शब्द झाला. ती पाचही नावे आपल्याच मोहल्ल्यातली वाटावीत अशी होती. बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने मनाई केली, कर्नाटक हायकोर्टाने ती उठवली आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केली. अक्षरांची जुळवाजुळव तेथेही चालली नाही. (वकिलांना ही युक्ती फार आवडते असे दिसते.)

या निकालात आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्यांच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पाटीचा झगडा गावापुरता असतो. कल्याणात एक 'न्यू भारत क्लॉथ' आणि ठाण्यात दुसरे, दोन्ही वर्षानुवर्षे चालतात. इंटरनेटवर मात्र एक नाव जगात एकालाच मिळते आणि ते सगळीकडून दिसते, म्हणून तेथे फसगतीची शक्यता जास्त, असे कोर्टाने म्हटले. दुसरी गोष्ट, डोमेन नेमसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा जुना नियम लागू होतो. त्यासाठी नाव नोंदलेले असण्याची गरज नाही, आधीपासूनचा वापर आणि बाजारातली साख दाखवावी लागते. म्हणजे उद्या कोणी आपल्या वडिलांच्या पेढीचे नाव वेबसाइटला लावले, तर जुनी बिले आणि वहीखाते आपल्या कामास येतील. ती जपून ठेवावी.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. माल अस्सल आहे, कंपनीच्या ठोक व्यापाऱ्याकडून बिलाने घेतला आहे, मग नाव का वापरू नये? रीतसर घेतलेला अस्सल माल विकण्यास १९९९ चा ट्रेडमार्क कायदा अडवीत नाही. 'आमच्याकडे अमुक कंपनीचे सूटिंग मिळते' असे वेबसाइटच्या आत लिहिता येते. परंतु वेबसाइटचे नावच त्या कंपनीचे ठेवणे ही पुढची पायरी झाली. २००१ साली 'ओकी डेटा' या प्रकरणात जिनेव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पंचाने विक्रेत्यास नाव ठेवू दिले, पण अटी घालून. माल खरोखर विकला पाहिजे, त्या साइटवर फक्त त्याच कंपनीचा माल पाहिजे, कंपनीशी आपले नाते काय हे स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि त्या नावाचे सगळे प्रकार अडवून ठेवता कामा नयेत. आपल्या दुकानात दहा गिरण्यांचे कापड असते. दुसऱ्या अटीलाच आपण पडतो.

रेमंड हे नाव ठाणेकरांस सांगायला नको, १९२५ पासूनची ती गिरणी. या कंपनीने 'रेमंड फार्मास्युटिकल्स' या औषध कंपनीवर दावा आणला, तेव्हा २०१० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने मनाई नाकारली. धंद्याच्या नावात दुसऱ्याचे चिन्ह घेण्याबाबतचे पोटकलम त्याच मालाच्या धंद्यास लागू आहे, आणि कापड वेगळे, औषध वेगळे, हे त्यामागचे कारण. पण आपण कापडवाले कापडाचेच नाव घेतो. हा बचाव आपल्याला उपलब्ध नाही.

साधे, वर्णनाचे शब्द मात्र कोणा एकाच्या मालकीचे सहजी होत नाहीत. 'शादी डॉट कॉम'ने 'शादी ही शादी'विरुद्ध २०१४ मध्ये हुकूम मिळवला, कारण तेथे तिचे गिऱ्हाईक वळवण्याचा डाव दिसला. २०१६ मध्ये 'सेकंड शादी'विरुद्ध मात्र तो मिळाला नाही. स्वतःचे नाव किंवा धंद्याच्या ठिकाणाचे नाव प्रामाणिकपणे वापरण्यास कलम ३५ संरक्षण देते. तरी जपून. कल्याणच्या शिवाजी चौकातील साडीवाल्याने गावाचे नाव जरूर लावावे, पण 'कल्याण सिल्क्स' म्हटले की त्रिशूरच्या पेढीशी गाठ पडते. येथे नियत पाहिली जाते.

नियतीचा विषय आपल्याला नवा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, तो प्रसंग मशिदीत अनेकदा सांगितला जातो. व्यापारी नाव आणि ट्रेडमार्क हे किमतीचे हक्क आहेत व शरीअतप्रमाणे त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात केला आहे. 'मोठी कंपनी आहे, तिचे काय जाते' ही सबब म्हणून चालत नाही.

नोटीस आली तर पेटीत टाकून ठेवू नये. 'डॉट इन' नावांचे तंटे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजच्या पंचाकडे २००५ च्या धोरणानुसार चालतात आणि साधारण साठ दिवसांत निकाल लागतो. 'डॉट कॉम'साठी उत्तर द्यायला वीसच दिवस असतात. तेथे नाव रद्द होते किंवा कंपनीस दिले जाते. न्यायालयात गेल्यास नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेबही मागता येतो. शिवाय कंपनी आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी दावा लावू शकते, म्हणजे डोंबिवलीच्या दुकानदारास दिल्लीच्या तारखा कराव्या लागतील. 'इतके लाख द्या, नाव सोडतो' असे उत्तर तर मुळीच लिहू नये. वाईट हेतूचा तोच पुरावा धरतात.

खरा तोटा मात्र हुकुमाच्या दिवशी कळतो. बिलावर, पिशवीवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता बंद पडतो आणि चार-पाच वर्षांत जमवलेले गिऱ्हाईक रिकाम्या पानावर येऊन परत जाते. म्हणून नाव पहिल्यापासून आपलेच घ्यावे, आणि ते वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नाही, पेढीच्या नावे नोंदवावे. त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा, तो फुकट आहे. कापडासाठी वर्ग २४, तयार कपड्यांसाठी २५, दुकानाच्या सेवेसाठी ३५ पाहावा. नोंदणीसाठी व्यक्ती किंवा लघुउद्योगास २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्जास प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये पडतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. महाराष्ट्राचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.