घरची आठवण, केसपेपर आणि फीची पावती

भाचीचा पहिला फोन आला तो पोट दुखतंय म्हणून. परभणीहून पुण्यात येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुसरा फोन डोकं दुखतंय म्हणून. तिसऱ्या फोनला ती म्हणाली, "आत्या, इथं मेसच्या आमटीत गूळ घालतात," आणि रडायला लागली.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या नातेवाइकांकडून न मागता एक पद मिळतं, लोकल गार्डियन. कॉलेजच्या फॉर्मवर सही केली की आपलं काम संपलं असं वाटतं. खरं तर ते तिथून सुरू होतं. आजवर मी अशा पाच मुलांसाठी सह्या केल्या. त्यातून जमलेला हा हिशेब.

घाबरून खासगी डॉक्टरकडे धावण्याआधी मुलाच्या फीची पावती काढा. शिकवणी शुल्काच्या खाली बारीक अक्षरात वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण, विमा अशा ओळी सापडतात. रकमा किरकोळ, म्हणून कुणी वाचत नाही. पण पैसे भरलेले आहेत. विमा बहुतेकदा अपघातापुरता असतो, ताप किंवा झोप न येणं त्यात बसत नाही. तरी पॉलिसीचा कागद कार्यालयातून मागून घ्यावा.

मग समुपदेशकाची चौकशी. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे निर्देश दिले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. म्हणून कार्यालयात "समुपदेशक आहेत का?" असं विचारू नका, "आहेत" एवढंच उत्तर मिळतं. कुठल्या वारी, किती ते किती, कुठल्या खोलीत आणि वेळ कुणाकडून घ्यायची, हे चार प्रश्न विचारा. फी विचारायचीही गरज पडू नये. कॉलेजची ही सोय सहसा मोफत असते.

भाचीच्या कॉलेजात मॅडम आठवड्यातून दोन दिवस येत होत्या. खोली परीक्षा विभागाला लागून आणि बाहेर फॉर्म दुरुस्तीची रांग. भाची दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली, कारण रांगेत तिच्याच वर्गातल्या तिघी. ही अडचण कुठल्याच माहितीपत्रकात नसते आणि मुलं नेमकी इथेच अडकतात. मी मॅडमना फोन करून एवढंच सांगितलं की मुलीला दारात पाहिलं जाण्याची लाज वाटते. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ दिली, ग्रंथालयामागच्या खोलीत. तोवर परीक्षा विभाग उघडतही नाही.

इथे पालकांना एक कडू गोळी. मूल अठरा वर्षांचं झालं असेल तर समुपदेशक तुम्हाला फोनवर आतलं काही सांगणार नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. माझा भाऊ चिडला, "फी मी भरतो आणि मलाच सांगत नाहीत?" मुलगी बोलती झाली ती मात्र त्याच भरवशावर.

मन आणि पोट वेगळं काढता येत नाही, म्हणून डॉक्टरही हवाच. मेसचं आवडत नाही म्हणून दोन महिने चहा-बिस्किटावर काढणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, आणि सतत गळून गेल्यासारखं वाटणं म्हणजे दर वेळी उदासीच असते असं नाही. थायरॉइड, बी-12 हेही पाहून घ्यावं. खासगी लॅबमध्ये या तीन तपासण्यांना हजार-दोन हजार सहज जातात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तिथल्या तपासण्या आणि औषधं यांना पैसे लागत नाहीत. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय या विभागाचं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं आणि कमला नेहरू महापालिकेचं, त्यामुळे तिथले नियम वेगळे, पण दर माफकच. खर्च होतो तो वेळेचा. सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि त्या दिवशीच्या लेक्चरवर पाणी सोडा.

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की पुण्यात लोक अजून हसतात किंवा दचकतात. तेही याच आरोग्य विभागाचं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप उडालेली, धडधड होणारी, आपल्यासारखीच माणसं केसपेपर घेऊन बसलेली असतात.

रात्री अकराला होस्टेलच्या गच्चीवर बसून रडणाऱ्या मुलासाठी 14416, म्हणजे केंद्र सरकारची टेलीमानस ही फोनसेवा. ऑक्टोबर 2022 पासून ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते. गरज वाटली तर समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' हीदेखील विनाशुल्क. पण दोन्हीकडे मुलाने स्वतः बोलायला हवं. आईने मुलाच्या नावाने फोन करून सल्ला घ्यायचा आणि तो व्हॉट्सॲपवर पुढे ढकलायचा, हा उद्योग मी पाहिलेला आहे. फुकट गेला.

खासगीत जायचंच तर आकडे डोळ्यांसमोर ठेवून जा. पुण्यात समुपदेशनाच्या एका सत्राला साधारण आठशे ते दोन हजार, मानसोपचारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीलाही जवळपास तेवढेच. सहा सत्रं धरली आणि सत्राला बाराशे, तर सात हजार दोनशे. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचं महिन्याचं भाडं यात निघतं. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे. मानसशास्त्र विभाग असलेल्या काही महाविद्यालयांतही कमी दराची केंद्रं असतात, तिथे आधी चौकशी करा. 'दहा सत्रांचे पैसे एकदम भरा, दोन मोफत' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. दुसऱ्या सत्रालाच पटलं नाही तर पैसे परत येत नाहीत. पाटीही नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला? आणि 'माइंड कोच' या पाटीला काहीच लागत नाही.

वडिलांच्या मेडिक्लेममध्ये मूल असेल तर पुण्यातल्या कुठल्या रुग्णालयांत ती चालते हे आजच पाहून कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये टाका. कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं लागतं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. समुपदेशनाची फी खिशातूनच.

आणि घरी एक फेरी? सगळ्यात जुना इलाज, मी त्याच्या विरुद्ध नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना तो स्वस्तही पडतो. पण दर शनिवारी गाव गाठणारा मुलगा पुण्यात राहायला शिकतच नाही, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम वेगळाच मागे लागतो. महिना-दीड महिन्याने एक, आधी ठरलेली फेरी बरी. तारीख कॅलेंडरवर लिहिली की मधले दिवस मोजता येतात.

हे सगळं सावकाश करण्याचं. दोन आठवड्यांवर झोप आणि भूक गेली, मूल खोलीबाहेर पडेना, तर मात्र महिन्याच्या फेरीची वाट पाहू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. "मी नसलेलंच बरं" असं काही बोललं तर त्या क्षणी त्याला एकटं सोडू नका. रेक्टरना उठवा, 14416 लावा, जिवाला धोका दिसला तर 108. ही रुग्णवाहिका मोफत आहे. अशा रात्री खर्चाचा विचार करायचा नसतो.

भाचीचा कॉलेजच्या पहिल्या सहामाहीचा हिशेब माझ्या वहीत आहे. कॉलेजात समुपदेशनाच्या सात भेटी, शून्य. औंधला केसपेपर, रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या, शून्य. दोन वेळची रिक्षा, तीनशे चाळीस रुपये. परभणीच्या दोन फेऱ्या, अर्ध्या तिकिटात. दुसऱ्या फेरीहून येताना तिने काळ्या मसाल्याची बरणी आणली, ती आता मेसच्या टेबलावर असते.